भुवई अन् पापणी वर करायचं इंजेक्शन: ओपीडीत रोज विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका स्किनच्या दवाखान्यात सिस्टर आहे, येत्या दिवाळीला अकरा वर्षं होतील. पहिले लोक गजकर्ण, वांग, मुरूम घेऊन यायचे, आताही येतात, पण आता दिवसातून एकतरी ताई मोबाईल पुढे करते आणि रीलमधली भुवई दाखवून म्हणते की असं करून द्या न. प्रश्न सगळ्यांचे तेच असतात आणि गर्दीत उत्तर अर्धंच राहते, म्हणून इथे बसून सगळं लिहून काढलं. प्रश्न जसे विचारतात तसेच ठेवले आहेत.

बोटॉक्स बोटॉक्स म्हणतात ते हेच का?

हो, हेच. बोटॉक्स हे एका कंपनीच्या मालाचं नाव, पण तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं. औषधाचं नाव बोटुलिनम टॉक्सिन टाईप ए. डिस्पोर्ट, झिओमिन ही पण त्यातलीच. स्नायू हलवायचा असला की नस आपल्या टोकाशी अॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडते, ते स्नायूला पोचलं की स्नायू आखडतो. हे औषध नसेच्या टोकात शिरून तिथलं एक प्रथिन तोडते, मग रसायन बाहेर पडत नाही आणि तेवढा स्नायू काही महिन्यांपुरता ढिला पडतो. नस मरत नाही, कातडी ताणली जात नाही, आत काही भरलंही जात नाही. भरायचं असते ते फिलर, ते वेगळं, त्यात गल्लत करू नका.

ताई, हे विष आहे म्हणतात न? मंग कायले टोचून घ्यायचं?

विषच आहे, लपवायचं काही कारण नाही. जर्मनीत दोनशे वर्षांपूर्वी खराब झालेले सॉसेज खाऊन लोकांना लकवा मारायचा, पापण्या पडायच्या, गिळता यायचं नाही, श्वास बंद व्हायचा. युस्टिनस केर्नर नावाच्या डॉक्टरने १८२० च्या सुमारास त्या पेशंटांची बारीक नोंद करून ठेवली, आणि या विषाचा औषध म्हणून उपयोग होईल हेही त्याने तेव्हाच लिहिलं होतं. पुढे १८९७ साली बेल्जियमच्या एमिल व्हान एर्मेंगेमने त्यामागचा जंतू शोधला. अमेरिकेत अॅलन स्कॉट या डोळ्याच्या डॉक्टरने तिरळेपणासाठी ते वापरलं आणि १९८९ मधे तिथल्या एफडीएची, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याची, मंजुरी मिळाली ती तिरळेपणा आणि डोळे आपोआप मिटण्याचा आजार यांच्यासाठी. म्हणजे हे औषध आधी डोळ्याचं, मग सौंदर्याचं. कॅनडात जीन कॅरुदर्स डोळ्याच्या डॉक्टर, नवरा अॅलिस्टर स्किनचा डॉक्टर, बाईंच्या पेशंटची भुवयांमधली आठी गेली हे लक्षात आलं आणि १९९२ मधे दोघांनी ते छापलं. भुवयांमधल्या आठ्यांसाठी एफडीएची मंजुरी २००२ ची.

तेव्हा विष आहे, पण मात्रा फार बारीक, आणि कुठे टोचलं यावर सगळं. म्हणून तर मी म्हणते की हे मेहंदीसारखं कोणाकडूनही काढून घ्यायचं काम नाही.

याने पापणी वर होते का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि इथेच लोक फसतात. नाही. हे इंजेक्शन पापणी उचलत नाही. पापणी उचलणारा स्नायू आत वेगळा आहे, त्याला हे औषध चुकून लागलं तर पापणी उलट खाली येते.

उचलली जाते ती भुवई, तीही सरळ नाही, आडून. भुवईला वर ओढणारा स्नायू एकच, कपाळाचा. खाली ओढणारे मात्र तीन-चार, दोन भुवयांच्या मधले आणि डोळ्याभोवती गोल फिरलेला. आता रस्सीखेच चालू आहे असं समजा, एका बाजूचे जरा ढिले पडले की दोर दुसऱ्या बाजूला सरकतो, तसंच हे. खाली ओढणाऱ्याला थोडं ढिलं केलं की कपाळाचा स्नायू भुवईला आपोआप वर नेतो, भुवई वर गेली की तिच्याखालची कातडी थोडी सुटते आणि डोळा उघडा वाटतो. पापणी वर झाली असं लोक म्हणतात ते एवढंच.

एक गोष्ट अजून सांगते, आठ्या कमी करायला या औषधाची मंजुरी आहे, पण भुवई उचलायचं काम लेबलवर लिहिलेलं नाही, ते डॉक्टर आपल्या शिक्षणावर आणि हातावर करतात. म्हणून हात कोणाचा हे पाहा.

भुवई किती वर जाईन?

एक ते तीन मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याची जाडी आठवा, जवळपास तेवढंच. चांगल्या हाताने दिलेलं इंजेक्शन शेजारणीच्या लक्षातही येत नाही, ती म्हणते आज झोप चांगली झाली वाटते. रीलमधे कपाळाच्या टोकाला गेलेली भुवई दिसते ती दोऱ्याने ओढलेली, ऑपरेशन केलेली नाहीतर फिल्टरची असते.

मले हे जमन का नाही, हे कसं समजन?

डॉक्टर पाहिल्याशिवाय नाही समजत, पण डॉक्टर काय पाहतात ते सांगते. डोळा झाकल्यासारखा दिसायची कारणं तीन आणि तिन्हीचा इलाज वेगळा. एक, भुवईच खाली आली. यात इंजेक्शनचा उपयोग होतो. दुसरं, पापणीची कातडीच सैल होऊन घडीसारखी लोंबते, तिथे जास्तीची कातडी ऑपरेशनने काढावी लागते. तिसरं, पापणी उचलणारा स्नायू नाहीतर त्याची दोरीच कमजोर, याला टोसिस म्हणतात. हे जन्मापासूनही असते, वयानेही होते, कधीकधी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही होते.

दोन वर्षांपूर्वी एक आजी आल्या होत्या, नातीने आणल्या होत्या, दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आणि नातीचं म्हणणं होतं की आजीच्या कपाळाच्या आठ्या घालवून द्या, घरात लग्न आहे. आजीचं कपाळ म्हणजे नांगरलेलं वावर, पाच-सहा सऱ्या सरळ. सरांनी काहीच न बोलता आपला अंगठा त्यांच्या भुवईवर ठेवून दाबून धरला आणि म्हणाले आजी, आता माझ्याकडे पाहा. अंगठा ठेवला तशी पापणी सरकत बुबुळाच्या मधोमध येऊन थांबली. आजी म्हणाल्या, "डॉक्टरसायेब, मले तर तुमी दिसूनच नाई राह्यले." म्हणजे आजी दिवसभर कपाळाने पापणी उचलून धरत होत्या, त्या आठ्या म्हणजे त्यांची मेहनत होती. ते कपाळ ढिलं केलं असतं तर दोन्ही डोळे झाकले असते. सरांनी पट्टी लावून मापं लिहिली आणि सेवाग्रामला डोळ्यांच्या विभागात पाठवलं. मी तेव्हापासून कोणी कपाळाच्या आठ्या म्हटलं की पहिले पापणीकडे पाहते.

घरी करून पाहायचं असलं तर आरशासमोर उभं राहा, डोळे मिटा, कपाळ पूर्ण सैल सोडा, कपाळ न हलू देता डोळे उघडा. कपाळाच्या मदतीशिवाय डोळे पूर्ण उघडत नसतील तर कपाळाला सुई लावून घेऊ नका, आधी डोळ्याच्या डॉक्टरकडे जा.

काल रात्रीपासून एकच डोया झाकून राह्यला, इंजेक्शनने उघडन का?

या प्रश्नाला ओपीडीत नंबर लावायचा नसतो, तसंच मोठ्या दवाखान्यात जायचं. पापणी अचानक पडली, त्यासोबत एकाचे दोन दिसतात, डोकं फार दुखते, बुबुळाचं काळं मोठं झालं, तोंड वाकडं झालं, हातपाय जड पडले, बोलणं अडखळते, यातलं काहीही असलं तर ते मेंदूचं नाहीतर नसेचं असू शकते. शुगरवाल्यांना डोळ्याच्या नसेचा झटका येतो, त्यातही पापणी पडते. पापणी सकाळी बरी आणि संध्याकाळी झाकते असं असलं तर मायस्थेनियाची, म्हणजे नसेचा निरोप स्नायूला नीट न पोचण्याच्या आजाराची, तपासणी लागते.

आणि आपल्या भागात अजून एक. पावसाळ्यात खाली अंथरूण टाकून झोपलेला माणूस पहाटे उठतो, पोट दुखते म्हणतो, पापण्या उचलत नाहीत, आवाज जड येतो, अंगावर खूण कुठेच नाही. हा मण्यार सापाचा चावा असू शकतो. मण्यारचा चावा दुखत नाही आणि सुजतही नाही, आणि तिचं विष त्याच जागी काम करते जिथे हे आपलं इंजेक्शन करते, नस जिथे स्नायूला भेटते तिथे, फरक एवढाच की ते सगळ्या अंगात पसरते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबवते. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, झोप येत असेल म्हणून पांघरूण घालून देऊ नका, १०८ ला फोन लावा नाहीतर जी गाडी मिळेल तिने सापाची लस आणि श्वासाचं मशीन असलेल्या दवाखान्यात न्या. सौंदर्याच्या प्रश्नात हे कुठून आलं असं वाटेल, पण पडलेली पापणी म्हटलं की मला पहिले हेच आठवते.

पार्लरमधे स्वस्तात करून देतात, तिथे केलं तर काय होते?

माझ्या जाऊबाईंचं सांगते. पुतण्याचं लग्न मे महिन्यात, आणि शहरातल्या एका पार्लरमधे महिन्यातून एकदा कोणीतरी बाहेरून येऊन सुया द्यायचं, तिथे त्या मला न सांगता गेल्या. वायल म्हणजे औषधाची बाटली दाखवली नाही, किती युनिट म्हणजे किती मात्रा ते सांगितलं नाही, कागदावर सही नाही, बिल नाही, आधीच भरून आणलेल्या सिरिंजमधून दोन्ही बाजूला टोचलं आणि वरून भुवईला मालिश करून दिली. पाचव्या दिवशी सकाळी डावी पापणी अर्धी खाली. हळदीच्या दिवशी त्या मान मागे टाकून हनुवटी वर करून पाहत होत्या, बायकांना वाटलं गर्व आला. अल्बममधे प्रत्येक फोटोत त्यांनी डाव्या बाजूला पदर घेतला आहे. स्कूटी चालवता येईना म्हणून पोरीला क्लासला मी सोडत होते. सात आठवडे गेले पूर्ण उघडायला. पार्लरमधे फोन केला तर म्हणाले ज्यांनी दिलं ते आता येत नाहीत. मला याचा आजही राग येतो, कारण फोन लावला असता तर त्यांना मी एका मिनिटात थांबवलं असतं.

अशी पापणी पडली तर मंग काय करायचं?

पहिले ज्याने दिलं त्या डॉक्टरला दाखवा. हे चांगल्या हातानेही होऊ शकते, भुवयांमधल्या आठ्यांच्या अभ्यासात शंभरात साधारण तिघांना झालं होतं. औषध भुवईच्या कडेवरून खाली झिरपून पापणीच्या स्नायूला लागते, दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत कधीही दिसते. उतारा नाही, वाट पाहावी लागते, बहुतेकांचं काही आठवड्यांत उतरते, थोड्यांना तीनेक महिने लागतात. डॉक्टर कधी डोळ्याचे थेंब लिहून देतात, पापणीत म्युलरचा म्हणून छोटा स्नायू आहे, तो त्या थेंबांनी आवळला की पापणी एक-दोन मिलिमीटर वर राहते, थेंबांचा असर उतरला की परत खाली. अशातल्या एका थेंबात नाकाच्या थेंबातलंच औषध असते हे कोणीतरी मोबाईलवर वाचते आणि घरातले नाक मोकळं करायचे थेंब डोळ्यात टाकते. असं करू नका, ते डोळ्यासाठी बनवलेले नसतात.

गिळायला त्रास, श्वास लागणं, आवाज बदलणं, अंगात अशक्तपणा असं काही वाटलं, मग काही तासांनी असो का काही आठवड्यांनी, त्याच क्षणी इमर्जन्सीत जा. कमी होते, पण होते.

एक भुवई सैतानासारखी वर गेली तं?

बाहेरचं टोक टोकदार वर जाते कधीकधी. घाबरू नका, दोन आठवडे होऊ द्या, मग डॉक्टर कपाळाच्या त्या बाजूला एक-दोन युनिट देतात आणि ती खाली बसते.

मग कोणाकडे जायचं?

स्किनचे एमडी, प्लास्टिक सर्जन, नाहीतर डोळ्याच्या डॉक्टरांमधे पापणीचं वेगळं शिक्षण घेतलेले. भिंतीवरचं सर्टिफिकेट दोन दिवसांच्या कोर्सचं पण असते, ते धरू नका. डॉक्टरचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर विचारा, विचारण्यात अपमान नाही, चांगला डॉक्टर स्वतःहून सांगतो. आणि दोन आठवड्यांनी तो तिथेच सापडेल का हे नक्की विचारा.

औषध खरं आहे हे कसं ओळखायचं?

वायल तुमच्यासमोर उघडायला सांगा. कंपनीचं नाव, बॅच नंबर, एक्सपायरी वाचा, मोबाईलने फोटो काढा. आत पाणी नसते, तळाशी पांढरी पूड असते, कधी इतकी पातळ की वायल रिकामीच वाटते, त्यात सलाईन टाकून औषध बनवतात आणि बनवल्यावर बोटॉक्सच्या लेबलप्रमाणे फ्रीजमधे ठेवून २४ तासांत वापरायचं असते. वायल सहसा २ ते ८ डिग्रीत राहायला पाहिजे. आता तुम्हीच विचार करा, आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री, लाईट चार-चार तास जाते, आणि कोणी पर्समधे सिरिंज घालून एसटीने येते. आमच्याकडे लसीसारखाच डबा आणि आईस पॅक असतात आणि फ्रीजचं तापमान मी रोज सकाळ-संध्याकाळ वहीत लिहिते.

युनिटचं पण ध्यानात ठेवा. बोटॉक्सचे १० आणि डिस्पोर्टचे १० सारखे नाहीत, प्रत्येक कंपनीचं माप वेगळं. त्यामुळे नुसते किती युनिट नाही, कोणत्या कंपनीचे किती हे कागदावर लिहून घ्या.

दुखते का?

मुंगी चावल्यासारखं. सुई फार बारीक असते, दहा मिनिटांचं काम. भुवईच्या शेपटीखाली एका बाजूला बोटॉक्सचे साधारण दोन ते चार युनिट, आणि गरज वाटली तर भुवयांच्या मधे. बारीक गाठी येतात त्या तासाभरात बसतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू असतील तर निळं पडते, ते आधीच सांगा, पण हृदयाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

घरी गेल्यावर काय पाळायचं? कापूस वेचायला जाऊ का?

त्या दिवशी नका जाऊ. चार तास आडवं व्हायचं नाही, त्या जागी चोळायचं नाही, दाबायचं नाही. डोक्यावर भारा, घमेलं, कपाळावर घट्ट बांधलेला शेला, हेल्मेट, हे सगळं त्या जागेवर दाबते, म्हणून एक दिवस थांबा. वाकून सोंगणी, उन्हातली मेहनत, दारू हेही एक दिवस नको. फेशियल आणि मालिश आठ-पंधरा दिवस नको. आंघोळ, स्वयंपाक, टिकली लावणं चालते, टिकली फक्त हलकी लावा.

लग्नाच्या किती दिवस आधी घ्यायचं?

महिनाभर आधी. असर दोन-चार दिवसांत सुरू होतो, पूर्ण दिसायला १० ते १४ दिवस, आणि काही दुरुस्ती लागली तर अजून दोन आठवडे. आदल्या आठवड्यात कोणी देतो म्हणत असेल तर तो तुमचा विचार करत नाही. पहिल्यांदाच घेत असाल तर लग्नासाठी घेऊच नका, साध्या दिवसांत घेऊन पाहा.

किती दिवस टिकते? बंद केलं तर अजून लोंबन का?

तीन-चार महिने. नसेला नवीन फुटवे येतात, पुन्हा रसायन सुटायला लागते आणि भुवई होती तिथे येते, त्याच्या खाली नाही जात. तीन महिन्यांच्या आत परत परत घेऊ नका, शरीर औषधाविरुद्ध अँटिबॉडी बनवू शकते आणि मग ते लागूच होत नाही.

कोणाले देत नाहीत?

पोटात बाळ असलेल्या, अंगावर पाजणाऱ्या. मायस्थेनिया किंवा स्नायू-नसेचा आजार असलेले. त्या जागी फोड, पू, इन्फेक्शन असलं तर. आधी या औषधाची अॅलर्जी आलेले, आणि डिस्पोर्टसाठी गाईच्या दुधाची अॅलर्जी पण विचारतात. जेंटामायसिन, अमिकासिन अशी इंजेक्शनं सुरू असली तर थांबा, त्याने असर वाढतो. अठराच्या आतल्या पोरींना सौंदर्यासाठी आम्ही देत नाही, आई सोबत आली तरी नाही.

माणसं घेतात का?

घेतात, लपून येतात. स्नायू जाड असल्यामुळे युनिट जास्त लागतात आणि भुवई फार वर नेली की चेहरा बाईसारखा दिसतो, म्हणून डॉक्टर जपून देतात. शेतातले भाऊ येतात त्यांना मी म्हणते पहिले रुंद काठाची टोपी आणि गॉगल घ्या, उन्हात डोळे बारीक करून करूनच ते स्नायू एवढे तयार झाले आहेत.

आयुष्मान कार्डावर होते का?

नाही, सौंदर्यासाठीचं काम कोणत्याही सरकारी कार्डात बसत नाही. पैसे युनिटवर घेतात नाहीतर जागेवर, आधी लिहून घ्या, आणि दर चार महिन्यांनी तेवढेच लागतील हा हिशोब मांडा. पेरणीच्या तोंडावर उधार काढून घेऊ नका ताई. डोळ्यापुढे पापणी येऊन दिसत नसेल तर ती बिमारी आहे, तिच्यासाठी सेवाग्राम, सावंगी, नागपूरचं मेडिकल, एम्स इथे डोळ्यांच्या विभागात दाखवा, तो खर्च आणि तो रस्ता वेगळा आहे.

दाखवायला येताना काय आणू?

सुरू असलेल्या सगळ्या गोळ्या, रिकामी पाकिटं चालतील. शुगर-बीपीचे कागद. चेहरा धुऊन या, काजळ नको. आणि एक जुना फोटो आणा, लग्नाचा, शाळेचा, मतदान कार्डावरचा, कोणताही, कारण डॉक्टर पहिले हेच पाहतात की डोळा आधीपासूनच असा होता की आता झाला. मागच्या महिन्यात एक काकू वीस वर्षांपूर्वीचा अल्बम घेऊन आल्या, सरांनी भिंग लावून पाहिलं तर डावी पापणी तेव्हाही तेवढीच खाली होती. काकू बराच वेळ फोटो पाहत बसल्या, मग अल्बम पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या राहू द्या मग, यांनी पसंत केलं तेव्हा हाच डोळा होता.